नारिंगी मिळाला नाही

धाकट्या मुलीचं लग्न होईपर्यंत त्या घरात ते नुसते 'जावईबापू' होते. जावई एकच, त्यामुळे थोरला-धाकटा हा प्रश्नच नव्हता. मग धाकटीचं लग्न झालं, घरात दुसरा जावई आला आणि पहिल्याच जेवणाला सासरे, म्हणजे अप्पा, सहज म्हणाले, "थोरले, तुम्ही तिकडे बसा. धाकटे, तुम्ही या माझ्याशेजारी." त्या दिवसापासून ते थोरले झाले ते झालेच. शेजारीपाजारी, ओळखीचे, एवढंच काय, बायकोसुद्धा थट्टेला आली की त्याच नावाने हाक मारायची. थोरलेपण हा मान आहे असं सगळे समजत होते. त्यांना मात्र त्या वाक्यातलं एवढंच ऐकू आलं होतं, की शेजारची खुर्ची गेली.

थोरले लिफ्टचे मेकॅनिक होते. तुम्हीआम्ही लिफ्ट आतून पाहतो, म्हणजे आरसा आणि बटणं. ते ती खालून पाहायचे. खालच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावायचं, तारांचे दोर तपासायचे, फटीतून पडलेल्या कोणाच्या किल्ल्या, कोणाचं कानातलं वर आणून द्यायचं. लिफ्ट चालू असली की मेकॅनिकची कोणाला आठवण नसते आणि बंद पडली की अख्खी इमारत जिना उतरता उतरता त्याचा उद्धार करते. थोरल्यांची त्याला हरकत नव्हती. बोलायला ते कमी, हाताला चोख. कामाच्या ठिकाणी कोणी पाठ थोपटावी अशी त्यांची अपेक्षा नसायची. ती सगळी अपेक्षा त्यांनी एका माणसाकडे जमा करून ठेवली होती, आणि तो माणूस म्हणजे अप्पा.

अप्पांचं पूर्वी औषधांचं दुकान होतं. ते विकल्यावर त्यांनी कोणालाही न विचारता एक जुनी शिडाची होडी घेतली. "म्हातारपणी लोक काठी घेतात, आमच्या अप्पांनी शीड घेतलं," असं थोरली, म्हणजे थोरल्यांची बायको, म्हणायची. होडी फार मोठी नव्हती. चारपाच माणसं दाटीवाटीने बसतील, आत एक बुटकी खोली, तिच्यात शिरताना डोकं आपटणार हे ठरलेलं. वर्षातून एकदा ती क्रेनने पाण्याबाहेर काढायची, यार्डात लाकडी टेकूंवर उभी करायची, तळ खरवडायचा, घासायचा आणि नवा रंग द्यायचा. पाण्याखालच्या भागाला लागणारा हा रंग साधा नसतो. त्यात औषध असतं, त्यामुळे शेवाळ आणि शिंपले चिकटत नाहीत. तो लावला नाही तर वर्षभरात तळाला दाढी फुटते आणि होडी पाण्यातून नाही, चिखलातून चालल्यासारखी चालते.

हे काम पहिल्या वर्षापासून थोरल्यांचं. अप्पांचे गुडघे वाकत नव्हते. थोरले जमिनीवर गोणपाट पसरायचे, तोंडाला फडकं बांधायचे आणि उताणे होऊन होडीखाली सरकायचे. होडी घेतली तेव्हा तिचा तळ गडद निळा होता, म्हणून दरवर्षी निळाच लागायचा. संध्याकाळी घरी आले की भुवया निळ्या, कान निळे. थोरली दारातच अडवायची, "आधी मोरीत जा, मग मला तोंड दाखवा."

गंमत अशी, की थोरल्यांना पाण्याची भीती वाटायची. होडी पाण्यात गेली की ते दोन्ही हातांनी कठडा धरून बसायचे आणि किनारा किती लांब गेला ते बघत राहायचे. पण जमिनीवर उभी असलेली होडी त्यांची होती. बाकीच्यांना ती वरून ठाऊक, ह्यांना खालून. कुठे जुनी भेग बुजवली आहे, कुठे लाकूड जरा फुगलं आहे, हे अंधारात हात फिरवून सांगितलं असतं. रंग वाळला की अप्पा यायचे, काठीने तळावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "झकास." त्या एका शब्दावर थोरल्यांचं वर्ष निघायचं.

मग धाकटे आले.

धाकटे दवाखान्यात लोकांकडून हातापायांचे व्यायाम करून घेत. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते व्यायाम घ्यायला घरी यायचे. अप्पांचा गुडघा बरा झाला आणि धाकटी सासरी गेली, असं ते एकूण प्रकरण. माणूस दिसायला हसरा, बोलायला गोड, कोणाच्याही घरात शिरला की पाण्याचा तांब्या कुठे असतो ते न विचारता त्याला सापडायचं. अप्पांना त्यांनी जिना चढायला लावला. पहिल्यांदा एकट्याने वर आल्यावर अप्पा दारात उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "ह्यांनी मला पाय दिले हो, पाय!"

थोरले तेव्हा मागेच उभे होते, हातात भाजीची पिशवी. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. ऑपरेशनच्या आधी कितीतरी महिने अप्पांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे लाकडी खुर्चीत बसवून थोरल्यांनी आणि शेजारच्या शिंप्याने खाली उतरवायचं आणि तसंच वर आणायचं. त्यात थोरल्यांच्या पाठीचा एक मणका कायमचा रुसला. ते मनात म्हणाले, पाय नव्हते तेव्हा कोणाच्या पायांनी चढत होतात, अप्पा? पण तोंडाने म्हणाले, "भाजी कुठे ठेवू?"

त्या दिवसापासून त्यांना सगळंच खुपायला लागलं. अप्पा फोन उचलला की आधी धाकट्यांची चौकशी करतात. धाकट्यांच्या विनोदाला ठसका लागेपर्यंत हसतात. आणि पहिल्याच फेरीत अप्पांनी धाकट्यांच्या हातात सुकाणू दिलं. आता थोरल्यांनी सुकाणू कधी मागितलं नव्हतं. कोणी दिलं असतं तर घाबरून परत केलं असतं. तरीसुद्धा ते दुसऱ्याच्या हातात गेलेलं त्यांना पाहवलं नाही.

"अहो, तुम्ही जळताय," थोरली एकदा म्हणाली.

"मी? मी कशाला जळू?"

"मग चहात तिसऱ्यांदा साखर का घालताय?"

थोरल्यांनी तो गोडमिट्ट चहा तसाच पिऊन टाकला. चूक कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्या वर्षी होडी बाहेर काढल्यावर यार्डवाला तळाभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "आता ह्याच्यावर रंग चढवू नका. जुने थर पोपडे धरायला लागलेत. सगळं मुळापासून काढा." म्हणजे तळ उघडा करायचा. अनेक वर्षांचा निळा, एकावर एक चढवलेला, सगळा खरवडून काढायचा. थोरले सुट्टीच्या दिवशी सकाळीच जायचे. एकदा धाकटेही आले. त्यांनी हातभर जागा खरवडली, तळहाताला फोड आला, तो सगळ्यांना दाखवला आणि मग बादली उलटी करून तिच्यावर बसून अप्पांना दवाखान्यातल्या गमती सांगत राहिले. होडीखालून थोरल्यांना दोघांचं हसू ऐकू येत होतं. विनोद काय होता ते मात्र ऐकू येत नव्हतं, आणि त्यानेच जास्त चिडचिड होत होती.

तळ पूर्ण उघडा झाला त्या रविवारी सगळे अप्पांकडे जेवायला जमले होते. जेवणं झाली, फळं कापून झाली. अप्पा म्हणाले, "जुना रंग गेला, आता पाटी कोरी आहे. ह्या खेपेला वेगळा रंग लावायला हरकत नाही." मग ते शेजारी वळले. "धाकटे, तुम्ही सांगा. कोणता लावू या?"

थोरल्यांचा हात फळांच्या ताटातच थांबला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. आणि तळ उघडा कोणी केला? नखांत अजून निळं कोणाच्या होतं?

"मी सांगू?" धाकटे जरा गडबडले. "अं... नारिंगी?"

सगळे हसले. धाकटी म्हणाली, "पाण्याखाली नारिंगी? मासे बघायला येतील."

"येऊ देत," अप्पा खुशीत म्हणाले. "नारिंगी तर नारिंगी. काय थोरले?"

"चांगला आहे," थोरले म्हणाले. थोरलीने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला, तो समजावणीचा होता की गप्प बसण्याचा, हे त्यांना कळलं नाही.

रंग आणायचं काम अर्थात थोरल्यांकडेच आलं. बंदराच्या रस्त्याला एका बाईंचं दुकान होतं. दोर, साखळ्या, खिळे, वंगण, रंग, सगळं एका लांबट खोलीत रचलेलं. दुकानदारीणबाई थोरल्यांना ओळखत होत्या. "निळा ना?" असं म्हणत त्यांनी हात वर केलासुद्धा.

"नाही. ह्या वेळी नारिंगी बघतोय."

"आहे की." बाईंनी शेडकार्ड पुढे केलं आणि मागच्या फळीवरचे डबे दाखवले. तीनचार डबे ओळीने, झाकणावर रंगाचा ठिपका. चांगला तजेलदार नारिंगी होता. थोरल्यांना तो पाहूनच दिसायला लागलं, की होडी क्रेनवर लटकते आहे, यार्डातली माणसं विचारतायत, वा, हा रंग कोणी निवडला, आणि अप्पा सांगतायत, आमच्या धाकट्यांनी. दरवर्षी सांगणार. आणि दरवर्षी तो नारिंगी आपण उताणं पडून लावणार. दुसऱ्याची हौस आपल्या तोंडावर ठिबकणार.

ते बराच वेळ कार्ड हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "राहू दे. निळाच द्या."

संध्याकाळी अप्पांकडे डबे ठेवताना त्यांनी सांगितलं, "नारिंगी मिळाला नाही."

आयुष्यात खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं फार आखूड असतं. पुढे काही जोडायचं त्यांना सुचलंच नाही. पण जोडायची गरजही पडली नाही. अप्पा म्हणाले, "नाही तर नाही," आणि व्यायाम घ्यायला आलेले धाकटे म्हणाले, "अहो दादा, काही हरकत नाही, निळा तर छानच दिसतो!" ते इतक्या मोकळ्या मनाने म्हणाले, की थोरल्यांना जिंकल्यासारखं वाटायच्या ऐवजी कोणीतरी त्यांच्याच वाट्याचा घास काढून घेतल्यासारखं झालं. निदान तोंड तरी पाडायचं होतं माणसाने!

पुढच्या सुट्टीला तळाला पहिला हात बसला. धाकट्यांनी स्वतः जाऊन दोन नवे रोलर आणले होते. दिवसभर त्यांनी एका बाजूने, थोरल्यांनी दुसऱ्या बाजूने रंग फिरवला. धाकटे नेहमीपेक्षा कमी बोलले. थोरल्यांना वाटलं, दमले असतील.

रंग पातळ करायचं द्रावण संपलं, म्हणून मधल्या आठवड्यात थोरले पुन्हा त्या दुकानात गेले. बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता बाई म्हणाल्या, "तुमचे साडू आले होते हो रोलर न्यायला. मला म्हणाले, नारिंगी संपला म्हणे तुमच्याकडचा. मी म्हटलं, संपतोय कशाला, तुमच्या दादांना मी स्वतः दाखवला. ते बघा, अजून फळीवर आहेत."

थोरल्यांचे कान गरम झाले. "मग? काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, असू दे, दादांना निळा बरा वाटला असेल. आणि गेले."

दुकानातून बाहेर पडल्यावर थोरले बाटली हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. शरम वाटायला हवी होती आणि वाटलीही. पण खरं सांगायचं तर तिच्याही वर एक गोष्ट आली, आणि ती होती आणखी हेवा. ह्या माणसाला सगळं कळलं होतं. तरी तो आला, दिवसभर राबला, अप्पांपाशी एक अक्षर बोलला नाही. म्हणजे गोड बोलणं त्याचं, अप्पा त्याचे, सुकाणू त्याचं, आणि आता मनाचा मोठेपणाही त्याचाच! आपल्यासाठी काही शिल्लक ठेवलं आहे की नाही ह्याने? घरी आल्यावर त्यांनी थोरलीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भाजी चिरायची सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "लहान मुलंसुद्धा बरी. ती निदान रडून मोकळी होतात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण अप्पांनी तुम्हाला विचारायला हवं होतं. ते मलाही आवडलं नव्हतं." थोरल्यांना त्या वाक्याने इतकं बरं वाटलं, की त्यांनी न सांगता भांडी घासली.

दुसऱ्या हाताच्या दिवशी दोघे पुन्हा होडीखाली होते. अप्पा पलीकडे उन्हात खुर्ची टाकून यार्डवाल्याशी गप्पा मारत होते. थोरल्यांनी रोलर ट्रेमध्ये ठेवला.

"तुम्हाला कळलं होतं, तर बोलला का नाहीत?"

धाकट्यांचा रोलर तळावर दोनदा मागेपुढे फिरला आणि थांबला. "सांगितलं वाटतं बाईंनी."

"हो. मला विचारायचं तरी. भांडायचं. अप्पांना सांगायचं. एवढं कसलं चांगलं वागायचं ते?"

"चांगलं?" धाकटे होडीखालून वाकून त्यांच्याकडे बघायला लागले. नाकाच्या शेंड्यावर निळा ठिपका. "दादा, मी त्या दिवशी इतका तापलो होतो, की घरी न जाता बंदरावर दोन चकरा मारल्या. चांगलं म्हणून नाही गप्प बसलो. म्हटलं, हे आपल्याकडे राहू दे. तुम्ही कधी मला काही बोललात, की तेव्हा काढीन."

थोरल्यांना हसू आलं ते त्यांनी दाबलं. "आणि काढलं नाहीत?"

"तुम्ही काही बोलतच नाही ना! तीच तर पंचाईत आहे. अप्पा व्यायाम करताना माझं डोकं खातात. थोरल्यांनी हा पंखा बसवला, थोरल्यांनी कडी ठोकली, थोरल्यांचा हात लागला की वस्तू पुन्हा बिघडत नाही. मी त्यांचा गुडघा वाकवतोय आणि ते तुमच्या हातांचं कौतुक करतायत. मला घरात एक खिळा ठोकता येत नाही, धाकटी रोज ऐकवते."

"मला कधी बोलले नाहीत."

"तुमच्या तोंडावर कशाला बोलतील?"

थोरल्यांना एक आठवलं. "नारिंगीच का पण?"

"समोर संत्र्याची फोड होती," धाकटे म्हणाले. "मला काय कळतंय होडीच्या रंगातलं? सगळे माझ्याकडे बघायला लागले, तोंडात आलं ते बोललो."

थोरले होडीखालून बाहेर आले, हात पुसले आणि सरळ अप्पांच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. यार्डवाला काहीतरी ओळखून क्रेनकडे निघून गेला.

"अप्पा, नारिंगी होता दुकानात. मीच आणला नाही."

अप्पांनी चष्मा काढला. ते हसतील, पाठीवर हात ठेवतील, असं थोरल्यांना कुठेतरी वाटलं होतं. अप्पा चिडले. चांगलेच चिडले. "का? काय कारण? शाळेतली पोरं आहात का तुम्ही? नको होता तर तोंड नव्हतं सांगायला?"

"तुम्ही मला विचारलंच कुठे? इतकी वर्षं मी लावतोय. एकदा तरी विचारायचं."

"विचारलं होतं! पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात? तुम्ही म्हणाल तो. दुसऱ्या वर्षी विचारलं, तुम्ही म्हणाल तो. भिंतीला विचारल्यासारखं! मग सोडून दिलं." अप्पांनी काठी जमिनीवर आपटली. "बरं, आता विचारतो. एक हात झालाय, अजून वेळ गेलेली नाही. सांगा, कोणता रंग?"

थोरल्यांनी तोंड उघडलं. 'तुम्ही म्हणाल' इथपर्यंत शब्द जिभेवर आले आणि त्यांनी ते दात मिटून अडवले. आपल्याला कोणता रंग आवडतो हा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. घराच्या भिंतींचा रंग थोरलीने ठरवला, कामावरचे कपडे कंपनीने ठरवले. त्यांनी मागे वळून होडीकडे पाहिलं. ओल्या निळ्या तळाखाली जराशी सावली होती आणि त्या सावलीत त्यांचं गोणपाट पसरलेलं होतं.

"निळा," ते म्हणाले. "खाली पडून बघताना डोळ्यांना बरा वाटतो."

"आवडतो म्हणून सांगताय, की धाकट्यांचा नाही म्हणून?"

थोरले म्हणाले, "दोन्ही."

अप्पांचा राग एकदम ओसरला आणि ते खोकला येईपर्यंत हसले. "दोन्ही! बरं. निळा तर निळा. जा, वाळायच्या आत हात मारा."

इथे गोष्ट गोडीने संपायला हवी होती, पण आता धाकट्यांचं बिनसलं. होडीखाली ते खरं बोलले होते, तो त्यांचा मोठेपणा. पण अप्पांनी आपला रंग इतक्या सहज खोडून टाकावा, आणि वर ठसका लागेपर्यंत हसावं, हे त्यांना लागलं. त्यानंतर धाकटीचा थोरलीला फोन आला, "ताई, ह्यांचं काय बिनसलंय गं? ताटाकडे बघून जेवतात नुसते. अप्पांच्या व्यायामालाही दुसऱ्या माणसाला पाठवलं." थोरलीने फोन ठेवून बातमी सांगितली. थोरल्यांनी चेहरा गंभीर केला, अरेरे म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं, कारण हसू आवरेना. असं मोकळं, हलकं त्यांना कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. दुसऱ्याला आपला हेवा वाटतो, हे सुख त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं, आणि त्यांनी ते चवीने उपभोगलं. दोनतीन दिवस लिफ्टच्या खड्ड्यात ते चक्क शीळ घालत होते.

मग शीळ आपोआप बंद झाली. अप्पा दुसऱ्या माणसाकडून व्यायाम नीट करत नव्हते, आणि रविवारच्या जेवणाला कोणी विनोद करत नव्हतं. थोरल्यांनी एकदा प्रयत्न केला. लिफ्टमध्ये अडकलेल्या वकिलाची गंमत सांगायला घेतली आणि शेवट आधीच सांगून बसले.

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी धाकटे आले, पण गाडीपाशीच उभे राहिले. क्रेनचे रुंद पट्टे होडीच्या पोटाखालून गेले, यार्डवाल्याने खूण केली आणि होडी हळूहळू टेकूंवरून उचलली गेली. टेकू जिथे टेकले होते तिथे रंग पोचलेला नसतो. होडी अशी हवेत लटकली की तेवढ्यात त्या जागा रंगवून घ्यायच्या असतात. थोरले ब्रश घेऊन तयारच होते. त्यांनी निळ्याचा डबा उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. झाकण नीट बसलं नव्हतं. आतला उरलासुरला रंग खडखडीत वाळला होता.

"लवकर करा हो," क्रेनवाला वरून ओरडला. "भरती थांबत नाही माझ्यासाठी."

उघड्या जागा तशाच सोडल्या तर तिथून शिंपले धरायला सुरुवात होणार. थोरल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दुकान गाठून परत येण्याइतका वेळ नव्हता. तेवढ्यात धाकटे गाडीपाशी काहीतरी खुडबुड करताना दिसले. ते आले ते हातात एक डबा घेऊन. झाकणावर नारिंगी ठिपका होता.

"हा कुठला?" थोरल्यांनी विचारलं.

"रोलर आणायला गेलो तेव्हाच घेतला होता." धाकट्यांची नजर जमिनीवर. "तुम्हाला दाखवायला. म्हणजे, भांडण झालं असतं तर."

थोरल्यांनी डबा हातात घेतला. तोच कारखाना, तीच जात, चालणार होता. झाकण उघडल्यावर तो रंग उन्हात असा चमकला, की थोरल्यांना पुन्हा जराशी कळ आली. चांगला होता रंग. पहिल्या दिवशीच चांगला वाटला होता, तेच तर दुखणं.

"तुम्ही पुढचे घ्या, मी मागचे घेतो," ते म्हणाले आणि त्यांनी धाकट्यांच्या हातात दुसरा ब्रश दिला. धाकट्यांनी ब्रश झाडू धरावा तसा धरला. थोरल्यांनी त्यांची मूठ सोडवून ब्रश नीट बोटांत बसवून दिला. "असा. दाबायचा नाही, ओढायचा."

निळ्या तळावर नारिंगी चौकोन उमटले. अप्पा काठी टेकत जवळ आले, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, ठिगळं?"

"हो, ठिगळं," दोघे एकदमच म्हणाले.

क्रेन वळली, होडी पाण्याला टेकली आणि निळ्यासकट ठिगळंही खाली गेली.

वारा चांगला होता. थोरली आणि धाकटी पुढे बसल्या, अप्पा मध्ये, आणि अप्पांनी सुकाणू दिलं ते धाकट्यांच्या हातात. थोरल्यांनी ते पाहिलं. बारीकसं खुपलंच. त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी कठडा धरला. शीड भरलं, होडी एका अंगाला झुकली आणि घासूनपुसून साफ झालेल्या तळाने पाणी असं कापत निघाली, की धक्क्यावरची माणसं बघता बघता लहान झाली.

"आज पळतेय बघा!" अप्पा म्हणाले.

ते समोर पाण्याकडे बघून बोलले. सुकाणू धरणाऱ्याला म्हणाले की तळ घासणाऱ्याला, ते काही कळलं नाही. थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांचा चेहरा फुलला होता, म्हणजे त्यांनी ते आपल्याकडे घेतलं होतं. घेऊ दे, थोरल्यांनी मनाशी म्हटलं. आणि त्यांनीही ते शब्द आपल्याकडे घेतले, कोणाला न सांगता, आणि कठड्यावरचा एक हात सोडला.